‘मत्स्यगंधा’ची तबकडी, आजोबांची कॅसेट आणि आमची सत्यवती : एका उत्सवी प्रयोगाचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात महाशिवरात्रीच्या उत्सवाला नाटक होतं. दशावतार वेगळा, तो देवाचा. हे नाटक गावाचं, आणि एक वर्षाआड ते संगीत असतं. मी या मंडळात सव्वीस वर्षं ऑर्गन वाजवतो आणि पदांची तालीम घेतो. मागच्या उत्सवात आम्ही ‘संगीत मत्स्यगंधा’ केलं. दिवाळीनंतरच्या त्या चार महिन्यांत जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण जुनं संगीत नाटक हाती घेणाऱ्या प्रत्येक हौशी मंडळाला हा पेच पडतो आणि प्रत्येक जण तो पहिल्यापासून सोडवत बसतो.

पेच असा, की नाटक आपण बसवायचं असतं, पण प्रेक्षकांच्या कानात ते साठ वर्षांपूर्वीच बसलेलं असतं.

‘मत्स्यगंधा’ १९६४ सालचं. लेखन वसंत कानेटकरांचं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, दिग्दर्शन मास्टर दत्ताराम यांचं आणि नाटक रंगभूमीवर आणलं ते धी गोवा हिंदु असोसिएशननं. गोवा मुक्त होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. अभिषेकीबुवा मंगेशीचे, पराशर करणारे रामदास कामत गोव्याचे, सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकरही गोव्याच्याच. आशालताबाई त्या वेळी विशीत होत्या. पुढे त्यांनी आयुष्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यालाही ‘गर्द सभोवती’ हेच नाव दिलं. एका पदानं एका नटीला किती धरून ठेवलं होतं, ते एवढ्यावरून कळावं.

‘गर्द सभोवती’, ‘अर्थशून्य भासे मज हा’, ‘गुंतता हृदय हे’, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’, ‘साद देती हिमशिखरे’, ‘नको विसरू संकेत मीलनाचा’. आमच्याकडे ही पदं माहीत नसलेलं घर शोधावं लागेल. ज्यांनी हे नाटक कधी पाहिलेलं नाही, त्यांनाही ती पाठ आहेत. आधी तबकडी, मग आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र, मग कॅसेट आणि आता मोबाइल, अशी ती माजघरात येत राहिली. नाटकाचे प्रयोग थांबले तरी त्याचा आवाज थांबला नाही.

सत्यवतीच्या भूमिकेसाठी आम्ही निवडली ती बंदरावरच्या वाडीतली बावीस वर्षांची मुलगी. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी वाडीच्या भजनात गाणं. वडिलांची होडी, आजोबाही दर्यावर्दी. तिचं नाव इथे घेत नाही. चार महिने सगळं गाव तिला सत्यवती म्हणूनच हाक मारत होतं, मीही तेच म्हणतो.

पहिल्या तालमीला तिनं सांगितलं, “काकानूं, सगळी पदां माका पाठ आसत.” आणि होतीच. ‘गर्द सभोवती’ तिनं पेटीशिवाय म्हणून दाखवलं, जागा न् जागा, म्हणजे सुराचं वळण न् वळण, तबकडीतली. मी खूश झालो. मग ऑर्गनवर बसलो आणि तिचा षड्ज, म्हणजे ती ‘सा’ कुठे धरते ते, शोधायला लागलो. काळी चार ही पट्टी दाबली, ती वर. तिच्या लगेच वरची पांढरी सहा दाबली, ती खाली. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे.

आधी मी दोष पेटीला दिला. आमचा ऑर्गन जुना आहे, खाऱ्या हवेनं त्याच्या आतल्या पितळी सुरांवर हिरवट थर चढतो, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. पण मोबाइलमधल्या ट्यूनरवर तपासलं तर पेटी ठीक होती. दुसऱ्या दिवशी मुलीनं ‘सा’ धरला तो पुन्हा त्याच फटीत. बेसूर मुलगी रोज नव्या ठिकाणी बेसूर होते. ही रोज एकाच ठिकाणी उभी होती. म्हणजे कुणीतरी तिला तिथे उभं केलेलं होतं.

ते ‘कुणीतरी’ म्हणजे आजोबांची कॅसेट. मी ती मागवून घेतली. वरचं लेबल केव्हाच उडालेलं, पेनानं फक्त ‘मत्स्य’ लिहिलेलं. कधी काळी कुणीतरी तबकडीवरून टेपवर घेतली, त्यावरून दुसऱ्यानं, त्यावरून आजोबांनी. या प्रवासात कुठल्या तरी यंत्राचा वेग थोडा चढा होता. वेग साधारण ६ टक्के वाढला की सूर एक पट्टी वर चढतो. ३ टक्के वाढला की अर्धी पट्टी, म्हणजे नेमकं दोन पट्ट्यांच्या मधे. तीन मिनिटांचं पद पाच-साडेपाच सेकंद आधी संपतं. ऐकणाऱ्याला हे कळत नाही, कारण सगळंच सारखं चढतं, गळाही आणि साथही. मात्र आवाज जरा पातळ होतो, लय जरा घाईची होते, ताना आहेत त्यापेक्षा सफाईदार भासतात.

माझी खात्री पटायला दुसरी प्रत हवी होती. खाडीपलीकडच्या गावात एका निवृत्त शिक्षकांकडे तबकडी निघाली, छोटी, मिनिटाला ४५ फेऱ्यांची. तिच्यावर पांढऱ्या बुरशीची जाळी धरलेली. आमच्याकडे ओलाव्यानं पुस्तकांची, तबकड्यांची, फोटोंची सगळ्यांची तीच गत होते. गुरुजींच्या पत्नीनं ती कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, मऊ सुती फडक्यानं, चरांच्या दिशेनं गोल गोल पुसत धुतली. मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर वाटी उपडी धरली होती. सावलीत वाळवली. मग त्यांचा प्लेअर तरी खरा फिरतो का, ते पाहायला तबकडीच्या कडेला कागदाचा बारीक तुकडा चिकटवला, सत्यवती मोबाइलवर मिनिट बघत बसली आणि मी फेऱ्या मोजल्या. पंचेचाळीस. पुन्हा मोजल्या. पंचेचाळीस.

सुई ठेवली. सत्यवतीनं पहिली ओळ ऐकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ही आशालता न्हय.”

मला ते वाक्य महत्त्वाचं वाटतं. लहानपणापासून जो आवाज तिनं आशालताबाईंचा म्हणून गळ्यात घेतला होता, त्या आवाजात आशालताबाई कधी गायल्याच नव्हत्या. यंत्रानं बनवलेल्या एका गळ्याचा पाठलाग ही मुलगी करत होती आणि ‘आपला आवाज जाड आहे’ असं स्वतःला सांगत होती. तबकडीतला आवाज तिच्या आवाजाच्या कितीतरी जवळचा निघाला. परतीच्या होडीत ती फारसं बोलली नाही.

इथपर्यंतचं प्रकरण सोपं. पट्टी सापडली, सवय मोडायला तीन आठवडे लागले, मोडली. खरा प्रश्न यानंतर उभा राहिला.

तबकडी शुद्ध मिळाली तेव्हा ती तबकडीची नक्कल करायला लागली. आता सूर पट्टीवर, लय बरोबर, पण प्रवेश उभा राहीना. संवाद संपायचा, ऑर्गन वाजायचा आणि सत्यवती रंगमंचावरून नाहीशी होऊन तिच्या जागी गाणं म्हणणारी मुलगी यायची. पद संपलं की सत्यवती परत. दिग्दर्शकाला हे खुपत होतं, पण नेमका इलाज सुचत नव्हता. त्यातच मुंबईच्या चाकरमान्यांचे व्हॉट्सॲपवर निरोप यायचे, “पदं रेकॉर्डसारखी झाली पाहिजेत.” वर्गणीतला मोठा वाटा त्यांचा, त्यामुळे कुणी उलटून बोलत नव्हतं.

ही तबकडी साठ वर्षं टिकली कशानं, याचा विचार मला तेव्हा करावा लागला. चाली उत्तम आहेत, हे उघड आहे. अभिषेकीबुवांनी नाट्यपदाला भावगीताचा मऊपणा दिला, ते आटोपशीर केलं, हेही सगळे सांगतात. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदं होती, रात्र रात्र नाटक चालायचं. ‘मत्स्यगंधा’च्या काळापर्यंत पदं मोजकी आणि प्रसंगाला बांधलेली झाली. पण उत्तम चाली इतरही अनेक आहेत. माझ्या मते या ध्वनिमुद्रणाची पकड आणखी एका गोष्टीत आहे. सिनेमात पडद्यावर एक असते आणि गळा दुसरीचा असतो. संगीत नाटकात तसं नाही. जी सत्यवती झाली तीच तबकडीवर गाते आहे, जो पराशर झाला तोच. त्या गळ्याला माहीत आहे की या ओळीच्या आधी आपल्याला कुणी काय म्हटलं आणि नंतर आपल्यावर काय येणार आहे. तबकडीत संवाद नाहीत, पण संवादांनी गळ्यावर सोडलेला माग आहे. ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांनाही तो ऐकू येतो. म्हणून ते पद ऐकताना आपण कुठल्या तरी गोष्टीच्या मधे शिरलो आहोत असं वाटतं.

शिवाय बंधन होतं ते वेळेचं. तबकडीवर एका पदाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. रंगमंचावर वन्स मोअर घेत रंगणारं पद इथे एका दमात सांगायचं. त्यामुळे जे राहिलं ते अगदी गाळीव आहे.

म्हणजे नक्कल करणारा नेमका फसतो. तो जागा घेतो, हरकती घेतो, आणि त्या जागा ज्यातून आल्या तेच त्याच्याकडे नसतं. मी सत्यवतीला दोन आठवडे गायला मनाई केली. तबकडी बंद, कॅसेट बंद, ऑर्गन बंद. अंक मोठ्यानं वाचायचा आणि पद आलं की तेही नुसतं बोलायचं. ‘गर्द सभोवती’ हे मुळात बालकवींच्या कवितेचे शब्द आहेत. बालकवी १९१८ साली गेले, म्हणजे नाटक येण्याच्या सेहेचाळीस वर्षं आधी. तरी ते शब्द सत्यवतीचेच वाटतात, कारण यमुनेच्या पाण्यात काय हरवलं असं विचारणारी ती ओळ या गोष्टीच्या गाभ्यावरच बोट ठेवते. नदीवर होडी चालवणारी कोळ्याची मुलगी, पराशरानं धुक्यात गाठलेली, बेटावर व्यासाला जन्म देऊन पुन्हा घरी आलेली, आणि पुढे हस्तिनापूरच्या राजाची राणी. हरवण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं.

बोलता बोलता एक दिवस तिनंच विचारलं, “काकानूं, ह्या ती कोणाक म्हणता? पराशराक, की स्वतःक?” मी उत्तर दिलं नाही. हा प्रश्न ज्या दिवशी पडतो त्या दिवशी पद अर्धं बसतं.

उरलेलं अर्धं होडीत बसलं. आमच्या प्रयोगात ते पद आम्ही वल्हं हातात देऊन ठेवलं होतं. तालमीत लाकडी बाकाची होडी आणि बांबूचं वल्हं. तिचे वडील एका रात्री तालमीला आले, मागे उभं राहून सगळं बघितलं आणि जाताना एवढंच म्हणाले, “वल्ह्यार हात असो नाय धरीत. आनी इतक्या घाईत मारलंस तर होडी गरगर फिरतली, फुडे जावची नाय.” दुसऱ्या दिवशी भरती भरून पाणी स्थिरावलं तेव्हा त्यांनी आम्हाला आपल्या होडीत घेतलं. सत्यवती वल्हवायला, मी समोर, हातात फक्त टाळ.

तिथे जे दिसलं ते पंचवीस वर्षांच्या तालमींत मला दिसलं नव्हतं. वल्हं पाण्यातून ओढताना श्वास बाहेर जातो, वल्हं उचलून पुढे नेताना श्वास आत येतो. गाणं श्वास बाहेर जातानाच होतं. म्हणजे ओढीवर शब्द आणि उचलीवर विराम. दोन-चार आवर्तनांत तिची ओळ आपोआप त्या ठेक्यात आली. कॅसेटची घाई गेली. ज्या ठिकाणी ती सवयीनं हरकत घ्यायची तिथे वल्हं पाण्याबाहेर असल्यानं श्वासच आत चालला होता, हरकत निघेना. तिनं ती सोडून दिली. ती जागा रिकामी राहिली आणि पाण्याचा थेंब गळल्याचा आवाज त्यात ऐकू आला. मी टाळ वाजवायचा थांबलो होतो. तिच्या वडलांनी सुकाणूवरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

आमच्या पराशराची गोष्ट उलटी होती, तीही नोंदवायला हवी. ते पन्नाशीचे, गाणं रीतसर शिकलेले, आणि ‘मी रेकॉर्ड ऐकतच नाही, माझं मी गाणार’ हा त्यांचा बाणा. ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ ते दहा-दहा मिनिटं मांडायचे. गायचे छान. पण तोवर सत्यवती शेजारी ताटकळत उभी, प्रसंग थंड. त्यांना मी तबकडी ऐकायला लावली. रामदास कामतांचा गळा ताना घ्यायला कुठेच कमी पडणारा नव्हता, तरी त्यांनी त्या पदात कुठे हात आखडला आहे ते ऐका, म्हटलं. त्यांनी तीनदा ऐकलं. पद साडेचार मिनिटांवर आलं. त्याखाली ते आले नाहीत आणि मीही ताणलं नाही. एकाला तबकडीपासून लांब नेलं, दुसऱ्याला तिच्याजवळ. एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही.

लेखकाच्या वारसांची परवानगी, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, मांडव, वीज ही कामं दरवर्षीचीच. तबलजी मोहोराच्या फवारणीत अडकल्यामुळे शेवटच्या दोन तालमी तबल्याशिवाय झाल्या, एवढं सांगून पुढे जातो.

प्रयोगाच्या रात्री ‘गर्द सभोवती’ सुरू झालं आणि पहिल्या तीन रांगा तिच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. याची तयारी आम्ही केलीच नव्हती. गुणगुणणं अर्थात ओळखीच्या लयीत होतं, तिच्या वल्ह्याच्या लयीपेक्षा जलद. पहिल्या कडव्यात लोकांनी तिला ओढलं. तबलजीही ओढला गेला. ती वल्हं मारत राहिली, पण शब्द पुढे पळत होते. ते पद हातून गेलं असंच मी म्हणेन, जरी टाळ्या भरपूर पडल्या.

‘अर्थशून्य भासे’ला मात्र तिनं सुरुवातच हळू केली. पहिला शब्द म्हणून ती थांबली, ऑर्गनचा सूर चालू ठेवला होता तो मीही जरा खाली आणला. गुणगुणणाऱ्यांना पुढचा शब्द कधी येणार ते कळेना, म्हणून ते गप्प झाले. मग सबंध पद मांडवात तिचा एकटीचा आवाज होता. मागच्या बाजूला चहाच्या टपरीवर स्टोव्ह भरभरत होता, तोही कुणीतरी बंद केला.

एक चूक माझी. पट्टी ठरवताना मी तिला पांढरी पाचवर नेलं, कॅसेटच्या चढ्या सवयीवर उतारा म्हणून. ते जास्त झालं. खालच्या सप्तकातले सूर मागच्या रांगांना पोचले नाहीत, दुसऱ्या दिवशी दोन-तीन जाणत्या बायकांनी स्पष्ट सांगितलं. काळी चार बरोबर होती. पुढच्या वेळी कुणी हे नाटक करील त्यानं गायिकेचा मंद्र, म्हणजे हेच खालचे सूर, आधी मोकळ्या मांडवात तपासावा, बंद खोलीत ऐकून पट्टी ठरवू नये.

वन्स मोअर मिळाला तो पराशराला, ‘नको विसरू’ला. मुंबईच्या मंडळींचा अभिप्राय आला, “पदं छान, पण सत्यवतीनं काही जागा गाळल्या.” तिला तो दाखवला. तिनं गाळलेल्या जागा बोटांवर मोजल्या, त्या चार होत्या. दोन सरावात राहून गेल्या, दोन मुद्दाम गाळल्या, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं.

तबकडी परत करायला आम्ही दोघं गेलो. गुरुजींनी ती आता कापडी पिशवीत, बाजूला कडुनिंबाची पानं घालून ठेवली आहे. येताना मी तिला आजोबांचं विचारलं. ते प्रयोगाला आले होते, पहिल्या रांगेत बसले होते, पण बोलले काहीच नव्हते.

“नाय आवडला तेंका,” ती म्हणाली. “म्हणाले, आवाज तसो नाय.”

तीस वर्षं ती कॅसेट आजोबांच्या होडीत होती. रात्री जाळं टाकून बसलं की बॅटरीवरच्या टेपवर लावायचे. त्यांच्या लेखी सत्यवतीचा आवाज तोच, पातळ, किंचित घाईचा, वाऱ्यावर येणारा. कॅसेट आता फार खरखरते, म्हणून तिनं ती मोबाइलवर उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे दे, वेग तीन टक्क्यांनी उतरवून नीट पट्टीत आणून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

तिनं मान हलवली.

“नको, काकानूं. आज्याचा गाणा तसाच रवांदे.”